हिरवं कुंपण

५ एप्रिल, शनिवार
सोमवारपासून दुसरं सेमिस्टर. टाइमटेबल भिंतीला चिकटवलं आणि तेव्हापासून त्याच्याकडे बघणं टाळते आहे. गोदाम व्यवस्थापन, संख्याशास्त्र, वाहतूक नियोजन, वर जर्मन भाषेचा वर्ग. शिवाय मी शहाणीने तीन छंद लावून घेतलेत. सोमवारी गायनवृंद, बुधवारी पोहणं (ज्यांना काहीच येत नाही त्यांच्यासाठी), आणि गावाबाहेरच्या बागेत एका वाफ्यासाठी नाव. शेजारच्या खोलीतली लिन म्हणाली, "झोपणार कधी?" लिन व्हिएतनामची. या मजल्यावर रोज भात शिजवणाऱ्या आम्ही दोघीच, म्हणून दोस्ती.

गेल्या सेमिस्टरसारखं नको. हिवाळाभर इथे जर्मनीत खोलीत बसून रडले आणि घरी सापगावला फोन करून "मजेत आहे" म्हणत राहिले. या वेळी रिकामा वेळच ठेवायचा नाही. रिकामी बसले की भीती वाटते, एवढं मला माझ्याबद्दल कळलंय.

९ एप्रिल
पोहणं. आयुष्य भातसा नदीकाठी गेलं आणि पोहता येत नाही, कारण आईने कधी गुडघ्याच्या वर पाणी लागू दिलं नाही. इथे पाणी निळं, तळाची फरशी दिसते, तरी पाचावर धारण बसली. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तोंड पाण्यात घाल. घातलं. नाकात पाणी. शेजारी सत्तरीचे एक आजोबाही बुडबुडे काढत होते. त्यांना बघून जरा बरं वाटलं.

वाहतूक नियोजनाचं प्रेझेंटेशन मे महिन्यात. विषय भिवंडीची गोदामं. निदान ती तरी माझ्या पायाखालची आहेत, शिकायला येण्याआधी तिथेच नोकरी केली.

१३ एप्रिल, रविवार
घरी फोन. बाबांना सुट्टी होती. (कसाऱ्याला रेल्वेत ट्रॅकमन. त्यांची सुट्टी म्हणजे शेतावर ड्यूटी.) फोन फिरवून राब दाखवला, भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात तो. ऐनाच्या फांद्या, पाला, शेण, वर माती, आणि कडेने हळूहळू सरकणारी आग. धुराने सगळी स्क्रीन पांढरी.

"बघ गो बाय, कसा भाजलाय. यंदा रोप बघ कसं येतंय."

आई मागून, "धूर खातील नि रातभर खोकतील. तू जेवलीस का?"

मुरबाडच्या मामाचाही राब भाजून झाला म्हणे. फोन ठेवल्यावर केसांना धुराचा वास येतोय असं वाटत राहिलं. लहानपणी राबाच्या कडेचा पट्टा झाडणं माझं काम. आग भटकू नये म्हणून जमीन साफ करायची, पाणी जवळ ठेवायचं, सकाळी वारा पडलेला असताना आणि वाऱ्याच्या उलट बाजूने लावायचं. हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. संख्याशास्त्राचं तसं असतं तर किती बरं झालं असतं.

१५ एप्रिल
वाफा मिळाला! बागेचं सगळं यान बघतो. आमच्याच विद्यापीठातला, लांब केसांचा, कुणाला नाही म्हणणं ज्याला जमत नाही असा मुलगा. माझी जागा अगदी शेवटी, कुंपणाला लागून. माती कडक, तणाने भरलेली. यानला विचारलं, "जमीन मी माझ्या पद्धतीने तयार करू?" तो म्हणाला, "तुझा वाफा. हवं तसं कर."

कुंपण माझ्याहून उंच, हिरवंगार, भिंतीसारखं कापलेलं. पलीकडे एका म्हाताऱ्या बाईंची बाग, लाकडी खोपटं, आत रेडिओ चालू. फ्राउ हेलर. मी मनात हेलरबाई म्हणते. पलीकडे शिडीवर चढून, कुंपणावरून डोकं काढून त्यांनी मला पहिलं वाक्य ऐकवलं, ते म्हणजे "फाटक लावून घे." दुसरं वाक्यही तेच.

नाचणी आणलीय घरून मूठभर. येईल का इथे?

१९ एप्रिल, शनिवार
ईस्टरची आदली संध्याकाळ. लिन आणि मी गावाबाहेरच्या माळावर गेलो. सगळं गाव जमलेलं, आणि मध्ये घराएवढी उंच फांद्यांची रास पेटवलेली! हुबेहूब आमची होळी, फक्त बोंबा नाहीत आणि लोक हातात सॉसेज घेऊन शांत उभे. बंबवाले पण आलेले, तेही खात होते. मी लिनला म्हटलं, बघ, इथेही जाळतात की. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा या देशात काहीतरी ओळखीचं दिसलं.

वाफ्यावर राब रचून झालाय. पाला, काटक्या, गवत, घोड्यांच्या तबेल्यातून मागून आणलेली लीद. शेणाची सर नाही, पण चालेल. सोमवारी सुट्टी आहे. सोमवारी सकाळी लावते.

२१ एप्रिल, सोमवार
वारा नव्हता. पट्टा झाडलेला होता. दोन बादल्या भरून. उलट बाजूनेच लावलं. छान सरकत होता, घरच्यासारखा.

मग एक झुळूक. एक पेटलेलं पान उडून कुंपणावर. मी बघत राहिले, कारण हिरवं आहे, विझेल.

हिरवं पेटलं. रॉकेल ओतल्यासारखं भडकलं. दोन्ही बादल्या टाकल्या, काही उपयोग नाही. आवाज केवढा. हेलरबाई ओरडत होत्या. खोपटं गेलं. त्या आत गेल्या, मी ओरडले, मला जर्मन शब्दच आठवेना, मी मराठीत ओरडले. त्या बाहेर आल्या, एक हात दुसऱ्या हाताने धरलेला. बंब. पोलीस. अॅम्ब्युलन्स.

कपडे तसेच अंगावर. लिन दाराशी बसलीय. लिहवत नाही.

२२ एप्रिल
त्या हॉस्पिटलमध्ये आहेत. हात भाजलाय, धूर गेलाय छातीत. धोका नाही म्हणाले. पन्नास वेळा विचारलं मी लिनला, नक्की "धोका नाही" असंच म्हणाले ना?

यान आला. चिडला नव्हता, ते जास्त वाईट. त्या झुडपाचं नाव थुया. बाहेरून हिरवं, आतून सगळं वाळलेलं आणि तेलकट. "हे सगळ्यांना माहीत असतं," म्हणाला. माळावरच्या आगीला परवानगी असते, बंबवाले त्यासाठीच उभे असतात, हेही सगळ्यांना माहीत असतं. मी सगळ्यांत नव्हते.

आमच्याकडे कुंपणाला शेर लावतात, निरगुडी लावतात. राबाची आग तिथवर येते आणि थांबते. शेराला आग लागली तर नुसता चीक गळतो. कुंपण हिरवं म्हणजे जीव निर्धास्त, हे आयुष्यभर डोक्यात.

वर्गाला गेले नाही. जेवण जात नाही.

२४ एप्रिल
पोलिसांकडे. दुभाषा हिंदीचा मिळाला, मराठीचा नव्हता. लखनौचे काका, स्वेटर घातलेले, मायाळू. मी राब समजावून सांगितला. त्यांनी विचारलं, "मतलब कचरा जला रही थीं?"

नाही हो. कचरा नाही.

मग काय? मी म्हटलं, जमीन भाजत होते. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "बेटा, जमीन कौन जलाता है?"

परत सांगितलं. रोपासाठी, तणाचं बी मरतं, राख होते, आम्ही सगळे करतो, शहापुरात, मुरबाडमध्ये, माझे बाबा, त्यांचे बाबा. पोलीस बाई टाइप करत होत्या. काय टाइप केलं कोण जाणे. सही केली. निष्काळजीपणाने आग लावल्याचा गुन्हा, चौकशी सुरू, पुढचं पोस्टाने कळेल. गुन्हा. हा शब्द आमच्या घरात कधी आलेला नाही. बाबा तर टीसी दिसला तरी पास दोन्ही हातांनी धरून दाखवतात.

२७ एप्रिल, रविवार
घरी फोन. आवाज नीट ठेवला.

"राख उडू नये म्हणून राबात पाणी शिंपडलं आज," बाबा. "तुमच्याकडं बाग केलीस म्हणत होतीस, काय लावलंस?"

"अजून काही नाही."

"एवढे दिस काय करतीस मग?" हसले.

आई म्हणाली, आवाज बसलाय तुझा, सर्दी झाली का, हळद घे. घेते म्हटलं. फोन ठेवून उशीत तोंड खुपसलं. त्यांना सांगायचं नाही. बाबा ऐकतील आणि घाटात रुळावर उभे राहून तेच डोक्यात घेतील. तिथे लक्ष विचलित होऊन चालत नाही.

२ मे
विद्यापीठाच्या सल्लागार बाईंना भेटले. सगळं ऐकून घेतलं. नुकसानीचं विमावाले बघतील म्हणाल्या, त्याची काळजी नको. काळजी वेगळी आहे. माझं राहण्याचं कार्ड सप्टेंबरअखेरपर्यंत. पुढे वाढवून मिळणं केस काय होते त्यावर. "केस बहुतेक बंद होईल," म्हणाल्या. मी विचारलं, बहुतेक म्हणजे किती? त्यांनी खांदे उडवले आणि मला चहा दिला.

म्हणजे सरळ सांगायचं तर: केस बंद झाली तर शिक्षण पुरं. नाही झाली तर सामान बांधून सापगाव, कोर्स अर्धा, आणि गावात ज्यांनी ज्यांनी माझ्या निघण्याच्या दिवशी नारळ हातात दिला त्यांच्यासमोरून रोज जायचं.

७ मे
पोहायला गेले. कसं कोण जाणे, आज तरंगले. पाण्याखाली काहीच ऐकू येत नाही. सगळ्या आठवड्यात तेवढाच वेळ भीती नव्हती. बाई म्हणाल्या, वर ये आता, बास. मी परत तोंड खाली घातलं.

१५ मे
प्रेझेंटेशन. भिवंडीच्या गोदामांचे फोटो. एका फोटोत "धूम्रपान निषेध" पाटी आणि लाल बादल्या. प्रोफेसरांनी विचारलं, आगीपासून बचावाची व्यवस्था काय? वर्गात यानची मैत्रीण बसलेली, तिला सगळं ठाऊक. काय उत्तर दिलं आठवत नाही. मार्क चांगले मिळाले, याचंही नवल.

खाली टपालपेटीत रोज तीनदा जाऊन बघते. पिझ्झाची जाहिरातही दोनदा उलटून बघते. लिनने किल्ली काढून घेतली, म्हणाली, मी बघत जाईन, तू नको.

२४ मे
हेलरबाईंच्या घरी गेले. लिन बरोबर होती. हातात फुलं, मागे फेकून द्यावीशी वाटत होती. दार उघडलं. हाताला पट्टी. आत या म्हणाल्या नाहीत. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, मला फार वाईट वाटतं. त्या म्हणाल्या, "तीस उन्हाळे बसले मी त्या खोपट्यात." मग विचारलं, "का केलंस?"

माझ्या जर्मनमध्ये जेवढं बसलं तेवढं सांगितलं. माझ्या गावी भाताच्या आधी जमीन भाजतात. त्यांनी फुलं घेतली. दार लावलं. माफ केलं वगैरे काही नाही, आणि का करावं? मी केलं असतं का? बाबांचं खोपटं कुणी जाळलं असतं तर मी शिव्या दिल्या असत्या.

४ जून
यानचा मेसेज. बागेच्या मंडळाने ठरवलं, चौकशी संपेपर्यंत मी येऊ नये. बरोबरच आहे. नाचणीची पुरचुंडी खिडकीत पडून आहे. पोहण्याचा आजचा वर्ग बुडवला, संख्याशास्त्राची चाचणी दिली. प्रश्न असा: एखादी घटना घडण्याची शक्यता काढा. मी हसले. शेजारचा दचकला.

१६ जून, सोमवार
गायनवृंद. शब्द अर्धे कळत नाहीत, तरी गाते. आपल्या आवाजाला बाकीच्यांच्या आवाजात लपता येतं. बाई म्हणाल्या, तुझा खालचा सूर छान लागतो. मला रडूच आलं. हल्ली कुणी चांगलं बोललं की भीती वाटते, कारण आता पुढे "पण" येणार.

बाबांचा फोन, रोप वीतभर झालं, गडद हिरवं. "राब बेस लागला." मी म्हटलं, छान.

५ जुलै
गायनाचा कार्यक्रम. काळा ड्रेस लिनचा. तिसऱ्या रांगेत हेलरबाई! हातात काठी, पट्टी निघालेली. मी एक कडवं पूर्ण चुकले. नंतर त्यांना गाठायचा धीर झाला नाही, मी मागच्या दाराने पळाले. लिन म्हणे त्या दरवर्षी येतात, तुझ्यासाठी नव्हत्या आल्या. असेल. पण टाळ्या वाजवताना माझ्याकडे बघत होत्या. की मलाच तसं वाटलं?

१८ जुलै
परदेशी लोकांच्या ऑफिसात. काउंटरवरच्या माणसाने नाव टाइप केलं, थांबला, परत स्क्रीन वाचली. "तुमची केस प्रलंबित आहे." तेवढंच. मुदतवाढीचं नंतर. गणपतीला घरी जाण्याचं तिकीट मागच्याच हिवाळ्यात काढलेलं. विचारलं, जाऊ का? "कार्ड वैध आहे. परत येताना सीमेवर काही विचारलं तर उत्तर द्यावं लागेल." कुणी विचारलं तर? काय विचारतील? तो पुढच्या माणसाला बोलावून मोकळा झाला.

लिन म्हणते जा. सल्लागार बाई म्हणतात जा, पण महिना उलटायच्या आत परत ये आणि ईमेल बघत राहा. मला वाटतं, गेले की परत घेणार नाहीत. आणि नाही गेले तर आईला काय कारण सांगू?

परीक्षा संपल्या. सगळ्या दिल्या, कशा ते देव जाणे.

२१ ऑगस्ट, सापगाव
पोचले. आसनगावला उतरून रिक्षा. शेतं भरलेली, भाताची रोपं लावायची आवणी कधीच आटोपली. आईने दृष्ट काढली आणि म्हणाली, "वाळून गेलीस गो, खायाला नाय देत काय तिकडं?" बाबा बॅग उचलून आत गेले. बॅग उचलताना हसत होते.

संध्याकाळी अर्धं गाव येऊन गेलं. शेजारच्या काकींनी आपल्या पोरीला पुढे केलं, "हिला पण सांग काय काय करायचं." सगळ्यांना सांगितलं, छान आहे, थंडी फार. फोन खिशात. वाजला की परसात जाऊन बघते.

२७ ऑगस्ट
गणपती बसले. आरतीत मला पुढे उभं केलं. हात जोडून मागितलं तेच, एकच. इतकं स्पष्ट मागितलं की शेजारच्यांना ऐकू गेलं असेल असं वाटलं.

बाबा म्हणतात, "काय मागितलंस एवढं?" मी म्हटलं, पास होऊ दे. खोटंही नाही.

३० ऑगस्ट, मुरबाड
मामाने घोळ घातला. त्याचं मुरबाडला बाजारात इलेक्ट्रिकचं दुकान, सगळ्यांशी ओळख. एका क्लासवाल्याला सांगून बसला, माझी भाची जर्मनीत शिकते, बोलेल मुलींशी. मी म्हटलं, मामा, नको. "अगो, दोन शब्द बोल. तुला काय घाबरायचंय?"

पन्नासेक मुली, वेण्या घातलेल्या, वह्या उघडून बसलेल्या. अभ्यास, भाषा, जेवण, थोडं थोडं बोलले. मग मागच्या बाकावरची एक उठली. डोळखांबच्या बाजूची, दोन गाड्या बदलून येते म्हणाली. विचारलं, "ताई, तिकडं भीती वाटते का?"

"हो," मी म्हटलं. सगळ्या हसल्या. ती नाही हसली.

"मग कसं करता?"

म्हटलं, वर्गाला जायचं, पोहायला जायचं, गायचं, आणि भीती वाटत राहते. तिने ते वहीत उतरवून घेतलं. मामा नंतर स्कूटरवर म्हणाला, जरा चांगलं काहीतरी सांगायचंस ना गो. त्याचंही खरं.

१ सप्टेंबर
गौरीपूजन. तेरड्याची गौर, आईने माझी जरीची साडी तिला नेसवली. बायका नाचल्या, मला ओढलं, नाचले. मध्येच फोन वाजला. सल्लागार बाईंचा ईमेल. पडवीत जाऊन वाचला.

सरकारी वकिलांना माझं म्हणणं एकदा लेखी हवंय, माझ्या शब्दांत. ही पद्धत काय, मी ती कुठे शिकले, काळजी काय घेतली. ते वाचून ठरवतील. पुढे एक ओळ: शेजारणीने जबाबात सांगितलंय की मुलीने जमीन झाडून घेतली होती आणि पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या होत्या, हे तिने कुंपणावरून पाहिलं होतं.

हेलरबाई. तीस उन्हाळे गेले आणि तरी जे पाहिलं ते सांगितलं. मी पडवीतच खाली बसले. आतून आई हाका मारत होती.

३ सप्टेंबर
बाबांना सांगितलं.

शेतावर गेलो होतो, बांधावर. लिहायला बसले तर "कुठे शिकलीस" याला त्यांच्याशिवाय उत्तर नाही, आणि त्यांना न विचारता कसं लिहू? आधी वाटलं विषय काढते, नंतर वाटलं उद्या. मग एकदम सगळं बाहेर आलं. आग, कुंपण, खोपटं, म्हातारीचा हात, पोलीस. बोलताना मी त्यांच्या पायांकडे बघत होते. गमबूट चिखलाने भरलेले.

त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "वारा कुठनं होता?"

"नव्हता. नंतर आला."

"पट्टा झाडलेलास?"

"हो."

"पाणी?"

"दोन बादल्या."

"नि कुंपण?"

"हिरवं होतं, बाबा. हिरवंगार. माझ्यापेक्षा उंच."

त्यांनी टोपी काढली, परत घातली. "हिरवं होतं तर मी पण लावला असता," म्हणाले.

मी एप्रिलपासून रडले नव्हते अशी रडले. त्यांनी थोपटलं वगैरे नाही, ते त्यांना येत नाही. बांधावरचं गवत उपटत उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "त्या म्हातारीचं खोपटं केवढं होतं?" मी हातांनी दाखवलं. "एवढंच? आठ दिसांत उभं केलं असतं मी." आणि घरी येईपर्यंत तेच, छप्पर कसलं होतं, पत्रा की कौलं, लाकूड कुठलं.

घरी आल्यावर घाबरले ते मात्र खरे. जेवताना हात थांबला. "तुला ठेवतील ना गो तिकडं?" मला माहीत नाही, म्हटलं. आईला अजून सांगितलेलं नाही. तिला काहीतरी कळलंय, भाजीत मीठ दोनदा पडलं.

६ सप्टेंबर
विसर्जन. दिवसभर लिहीत होते, माझं म्हणणं. दोन पानं झाली. बाबा येरझाऱ्या घालत होते. शेवटी येऊन बसले, कागद हातात न घेता.

"माझं नाव टाकलंस काय?"

"वडिलांनी शिकवलं, एवढं लिहिलंय."

"तसं नको. नाव टाक. पूर्ण नाव, गाव, तालुका. सांग, राब भाजायला मी शिकवला. विचारायचं तर मला विचारा म्हणावं."

टीसीसमोर दोन्ही हातांनी पास धरणारा माझा बाप. मी म्हटलं, बाबा, ते तुम्हाला काही करणार नाहीत, तशी गरज नाही. ते ऐकेनात. "टाक गो. पोरीनं चूक केली नाय, शिकवल्याप्रमाणं केलं." मग खाली बघून, "माझ्या शिकवण्यात ते झाड नव्हतं."

टाकलं. शेवटचं वाक्य त्यांचंच, ते झाडाचं, जसंच्या तसं मराठीत लिहिलं आणि खाली जर्मन. लिनने फोनवर भाषा तपासून दिली. पाठवलं.

९ सप्टेंबर
विमानतळ, जर्मनीतला. उतरले. रांगेत उभी राहून लिहिते आहे.

सकाळी निघताना बाबांनी ड्यूटी बदलून घेतली, आसनगावपर्यंत आले. आईला काल सांगितलं शेवटी. ती ओरडली नाही. पिशवीत एक डबा घातला, "त्या म्हातारीला दे, तांदळाचे पापड हायत, तळून दे म्हणावं, कच्चे खाईल नायतर." डबा बॅगेत आहे. हेलरबाई दार उघडतील का ठाऊक नाही.

ईमेल दहा वेळा बघितला. नवं काही नाही.

रांग पुढे सरकते आहे. काचेमागे दोन जण. एक भराभर शिक्के मारतो, दुसरा प्रत्येकाचं कार्ड मशीनवर ठेवून स्क्रीन वाचत बसतो. माझी रांग दुसऱ्याची. माझ्यापुढे एक जोडपं आणि झोपलेलं बाळ.

फोन वाजला. बाबा. व्हॉइस मेसेज, मागे कसाऱ्याच्या गाडीची शिट्टी. "पोचलीस काय गो? इचारलं काय त्यांनी? माझं नाव सांगितलंस काय?"

अजून नाही, बाबा. बाळाला उठवून त्याचा चेहरा दाखवतायत. मग मी.